डिस्क तपासायला लावली आणि विंडोज उघडेना

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर २१४ ओव्या आहेत. आत्याच्या, तिच्या जावांच्या, केज तालुक्यातल्या चार गावांतल्या बायकांच्या. २०१३ पासून मोबाइलवर टेप करते, घरी आले की कॉम्प्युटरवर उतरवते आणि सवड मिळेल तशा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामात टाइप करते. त्यांतल्या सहा जणी आज नाहीत. मे महिन्यात चौदा दिवस हे सगळं गेलं असंच मी धरून चालले होते. तीन फाइल सोडल्या तर बाकी सगळं वाचलं. त्या दिवसांत मला मराठीतून कुणी सलग समजावून सांगितलेलं हवं होतं, म्हणून तारीखवार लिहिते आहे.

आधी मशीनबद्दल. २०१७ साली घेतलेलं, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, १ टीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. सी आणि डी अशी दोन पार्टिशन. जुन्या ओव्या डीमध्ये, अलीकडच्या ३८ डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्ये. डी म्हणजे वेगळी, सुरक्षित जागा असं मी इतकी वर्षं समजत होते. डिस्क एकच असते. एका घरात मधे भिंत घातली म्हणून दोन घरं होत नाहीत, छत गळायला लागलं की दोन्ही खोल्या भिजतात.

मार्चपासून ते मंद झालं होतं. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं. फोल्डर उघडला की गोल फिरत राहायचं आणि आतून बारीक टक्, टक् असा आवाज यायचा. हा आवाज आला त्याच दिवशी सगळं बाहेर काढायला हवं होतं. मी दोन महिने घालवले.

शनिवार, १७ मे २०२५. संध्याकाळी अंबाजोगाईत अवकाळीचं जोरदार वारं सुटलं, लाईट तीनदा गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच उतरलेली, त्यामुळं तिन्ही वेळा मशीन धाडकन बंद. रात्री नऊला सुरू केलं तर डेस्कटॉप यायलाच वीस मिनिटं लागली. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले, सगळे एकच सांगत होते: चेकडिस्क, म्हणजे विंडोजचीच डिस्क तपासायची आज्ञा, चालवा. कमांड प्रॉम्प्ट नावाच्या काळ्या खिडकीत चेकडिस्क, सी कोलन, स्लॅश आर टाइप केलं. सी ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का, असं विचारलं. मी वाय दाबून रीस्टार्ट केलं.

स्लॅश एफ दिलं तर फक्त फाइलींच्या नोंदी तपासून दुरुस्त होतात. स्लॅश आर दिलं तर त्याशिवाय डिस्कचा एकेक सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा, वाचून पाहिला जातो. चांगल्या डिस्कलाही त्याला तासन् तास लागतात. खराब डिस्कला तो तिच्या अंगाबाहेरचा भार होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रात्री साडेदहाला ११ टक्के. पहाटे तीनला उठून पाहिलं, ११ टक्के. बटण दाबून बंद करावं असं फार वाटलं, पण मधेच तोडणं आणखी वाईट हे कुठंतरी वाचलेलं होतं. घरातला पंखा बंद करून इन्व्हर्टरची लाईन फक्त कॉम्प्युटरला ठेवली आणि अंगणात जाऊन झोपले. रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झालं. साधारण सोळा तास.

मग विंडोजचं चिन्ह, खाली फिरते ठिपके, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची तयारी, आणि शेवटी निळा पडदा: दुरुस्त करता आलं नाही. रीस्टार्ट केलं की परत तेच. पाच वेळा केलं. सहाव्या वेळी ‘रीसेट धिस पीसी’ उघडून ‘कीप माय फाइल्स’पर्यंत गेले आणि तिथं हात थांबला. बरं झालं थांबला. त्या पर्यायात तुमच्या खात्यातल्या फाइल राहतात, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्राम निघून जातात. शिवाय आजारी डिस्कवर सगळं विंडोज नव्यानं लिहिलं जातं. त्या रात्री जेवण गेलं नाही. आत्याला जाऊन चार वर्षं झाली, आणि तिचा आवाज त्या पेटीशिवाय कुठंच नव्हता.

सोमवारी सकाळी सीपीयू पिशवीत घालून एका दुकानात नेला. पाच मिनिटांत निकाल लागला. “ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, पाचशे लागतील, दुपारी घेऊन जावा.” डेटाचं विचारलं तर म्हणाला, “तो राहत नसतो.” डिस्क तपासून तरी पाहा म्हटलं, त्याची गरज नाही म्हणाला. सीपीयू उचलून घरी आणला. पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांना फोन केला. कमीत कमी पंधरा हजार, तपासणीचे वेगळे, आणि डिस्क कुरिअरनं पाठवायची. तो पर्याय मी मनात राखून ठेवला, कारण डिस्कनं फिरणंच सोडलं असतं तर दुसरा रस्ता नव्हता. तुमची डिस्क ओळखलीच जात नसेल किंवा नुसती कटकट वाजत असेल, तर पुढचं काही घरी करू नका, सरळ अशांकडंच द्या.

संध्याकाळी लातूरचा भाचा फोनवर सापडला. तो पॉलिटेक्निकात शिकवतो, परीक्षेच्या ड्युटीवर होता.

“मावशी, काय करायलीस आता?”

“परत चालू करून बघायले.”

“बघू नकोस. प्लग काढ. तू जितक्यांदा चालू करशील तितकी ती डिस्क घासंल. पहिलं सामान बाहेर, मग घराची डागडुजी.”

त्यानं एकच नियम दिला: दुरुस्ती म्हणजे लिहिणं, आणि कॉपी निघेपर्यंत त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. माझ्या हातून क्रम उलटा झाला होता. मी आधी दुरुस्ती केली होती.

मंगळवारी, २० तारखेला, त्यानं फोनवरून एक युक्ती दाखवली, जी प्रत्येकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट असं जायचं. तिथं नुसतं नोटपॅड टाइप करून एंटर मारायचं. विंडोज बंद पडलेलं असलं तरी नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन केलं आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडलं की सगळे ड्राइव्ह दिसतात. फाइलवर राइट क्लिक करून कॉपी होते, पेनड्राइव्हवर पेस्ट होते. किती झालं हे दाखवणारी पट्टी येत नाही, पडदा गोठल्यासारखा वाटतो, थांबावं लागतं. ड्राइव्हची अक्षरंही तिथं बदललेली असू शकतात. माझा सी तिथं डी झाला होता, त्यामुळं अक्षरावर न जाता आत काय आहे ते पाहून ओळखायचं. डेस्कटॉपवरच्या ३८ पैकी ३६ ओव्या दिसल्या. पाच-पाच करत सगळ्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतल्या. दोन दिसतच नव्हत्या.

त्याच खिडकीतून विंडोज, सिस्टम३२, लॉगफाइल्स, एसआरटी या फोल्डरातली एसआरटीट्रेल नावाची फाइल उघडली. ऑटोमॅटिक रिपेअर आपलं निदान तिथं लिहून ठेवतं. तळाशी एक ओळ होती: सुरू होण्यासाठी लागणारी ड्रायव्हरची एक फाइल करप्ट आहे. तीन दिवस नुसतं ‘विंडोज उडालं’ ऐकत होते, त्यात नेमकं नाव वाचायला मिळालं याचाही आधार वाटला.

मग शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम, उतरवून घेतलं, तीन जीबीच्या आसपास. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकलं. असं लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. माझ्या मशीनला सुरू होताना एफ१२ दाबावं लागतं, प्रत्येकाचं बटण वेगळं असू शकतं. लिनक्समधल्या ‘डिस्क्स’मध्ये स्मार्ट डेटा म्हणून एक यादी येते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. त्यात दोन आकडे पाहायचे. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळं राखीव जागेत हलवलेले: ३१२. करंट पेंडिंग, म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून अजून लटकलेले: ८८. दोन्ही शून्य असायला हवेत. हे मी मार्चमध्ये पाहिलं असतं तर चेकडिस्कचं बटण कधीच दाबलं नसतं. विंडोजवर हेच आकडे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रामात दिसतात, पाच मिनिटांचं काम आहे. मराठवाड्यात जिथं दिवसातून चारदा लाईट जाते येते, तिथं हे महिन्याला एकदा पाहावं.

बुधवारी लातूरला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं प्रवास स्वस्तात झाला, बाकीचं नाही. गंजगोलाई या बाजारचौकातून सोळा रस्ते फुटतात, त्यांतल्या दोन-तीन रस्त्यांवर चौकशी करत फिरले. २ टीबीची बाहेरून लावायची डिस्क ६,४०० रुपये, ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, २,९००, ती बसवायची पट्टी आणि केबल २५०. दोन पेनड्राइव्हचे ७०० आधीच गेले होते. बाहेरची डिस्क आजारी डिस्कपेक्षा मोठीच घ्यायची, कारण सगळ्या डिस्कचा ठसा, म्हणजे हुबेहूब प्रत, तिच्यावर घ्यायचा असतो. पैसे मोजताना वाईट वाटलं. पंधरा हजार डोळ्यांपुढं आणले आणि मोजले.

गुरुवार, २२ मे, सकाळी सहा चाळीसला लिनक्समधून डीडीरेस्क्यू सुरू केलं. या प्रोग्रामबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ओव्या वाचल्या त्या त्याच्यामुळं. साध्या कॉपीत एक खराब जागा आली की डिस्क तिथंच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं उचलतो, अडलं की पुढं उडी मारतो, आणि सुटलेल्या जागांची नोंद एका नकाशा फाइलमध्ये ठेवतो. सगळं चांगलं उचलून झालं की मग अडलेल्या जागांकडं परत येतो. वेचणी करताना आधी मोकळी बोंडं वेचावीत, अर्धी उमललेली दुसऱ्या वेचणीला ठेवावीत, तसं. ही नकाशा फाइल पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये ठेवायची नाही, कारण मशीन बंद झालं की ती पुसली जाते. ती बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. आणि कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर हे तीनदा वाचून मगच एंटर मारायचं. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कनं भरलेली डिस्क पुसली जाईल. मी दोन्ही नावं वहीत लिहिली, भाच्याला वाचून दाखवली, मग दाबलं.

दुपारी एकपर्यंत ५८ टक्के. मग वेग एमबीवरून केबीवर आला. सीपीयूची बाजू उघडून टेबलफॅन डिस्कवर सोडला, बाहेर ऊन मी म्हणत होतं. हात लावला तर डिस्क गरम भाकरीसारखी लागत होती. रात्री लाईट गेली ती चार तास आली नाही, इन्व्हर्टर संपला, सगळं बंद. पहाटे लाईट आल्यावर तोच आदेश, तीच नकाशा फाइल पुन्हा दिली, आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू झालं. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की हे निभावेल. शनिवारी सकाळी पहिली फेरी संपली. अडलेल्या जागांवर आणखी तीन फेऱ्या मारायला सांगितल्या, त्या रविवारी दुपारी उरकल्या. १ टीबीतले सुमारे ६ एमबी तेवढे वाचता आले नाहीत. मी मोठ्यानं घरात सांगितलं, सहा एमबी! कुणाला काही कळलं नाही, पण सगळे हसले.

आता ठसा हातात होता, तेव्हा जुनं विंडोज जिवंत करून पाहायचं ठरवलं. श्रीलिपीची सीडी सापडत नव्हती आणि सगळं टायपिंग तिच्यात होतं. विंडोजची पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं फुकट तयार होते, ८ जीबीची पुरते. तिच्यावरून सुरू करून कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, चालवलं, बंद पडलेल्या विंडोजसाठी असतं त्या ऑफलाइन प्रकारानं, म्हणजे कुठल्या ड्राइव्हवरचं विंडोज हे सांगून. उत्तर आलं, एक दुरुस्ती अर्धवट आहे, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट करून तेच उत्तर. ही गाठ डिझम नावाच्या दुसऱ्या दुरुस्तीच्या आज्ञेतल्या ‘रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स’नं सुटते. मग एसएफसी चाललं आणि म्हणालं, खराब फाइल सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. म्हणजे विंडोज स्वतःजवळ चांगल्या फाइलींचा जो साठा ठेवतं, तोच खराब झाला होता. तो साठा डिझमच्या ‘रिस्टोअर हेल्थ’नं पेनड्राइव्हवरून भरता येतो. पहिल्यांदा शेवटी ०८१एफ असलेला एरर आला, स्रोत सापडत नाही म्हणून. कारण पेनड्राइव्हवरच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या असतात, आणि आपल्या आवृत्तीचा क्रमांक सांगावा लागतो. माझी होम सिंगल लँग्वेज निघाली. दुसऱ्यांदा ६२.३ टक्क्यांवर जाऊन अर्धा तास हललं नाही. तिथं ते बऱ्याच जणांचं अडतं, खिडकी बंद करू नका. शेवटी झालं. त्यानंतर एसएफसीही नीट पार पडलं.

सोमवारी २६ तारखेला रात्री विंडोज उघडलं. उघडलं, पण परक्याचं असल्यासारखं. ‘तुमच्या खात्यात शिरता येत नाही’ असा निरोप, कोरा निळा डेस्कटॉप, एकही आयकॉन नाही. माझ्या खात्याच्या सेटिंगची फाइलच खराब झाली होती, म्हणून त्यानं तात्पुरतं खातं करून दिलं होतं. एक गोष्ट मात्र वाचायला मिळाली. विंडोजची नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, अ‍ॅप्लिकेशन, विनइनिट, क्रमांक १००१. चेकडिस्कनं सोळा तासांत काय काय केलं त्याचा अहवाल तिथं असतो. करप्ट नोंद काढून टाकली, करप्ट नोंद काढून टाकली, अशा ओळींवर ओळी.

ते वाचून मला चेकडिस्क कळलं. डिस्कवर एक दप्तर असतं, कुठली फाइल कुठल्या गटात आहे त्याचं. चेकडिस्कला फक्त दप्तराचा मेळ घालायचा असतो. सातबारा आणि जमीन जुळेना की तो नोंद खोडतो, आणि मालक नसलेला तुकडा फाउंड नावाच्या फोल्डरात टाकून देतो. तुमची ओवी त्या तुकड्यात आहे का, हे पाहणं त्याचं काम नाही. त्यानं माझं विंडोज मोडलं असं मी आठवडाभर म्हणत होते. मोडलं होतं ते मरत्या डिस्कनं, चेकडिस्कनं त्या मोडतोडीवर शिक्का मारला.

जुनी डिस्क मंगळवारी काढून ठेवली. दुरुस्तीच्या मागं आणखी दिवस घालवण्यात अर्थ नव्हता. बुधवारी, २८ मे, एसएसडीवर कोरं विंडोज १० टाकलं. पाऊण तास लागला. ‘प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडला, तोच मदरबोर्ड असल्यामुळं इंटरनेट मिळताच अ‍ॅक्टिव्हेट झालं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट होते आणि माझं मशीन ११ ला चालत नाही, त्याला आठव्या पिढीपासूनचं इंटेल लागतं. त्यामुळं ऑक्टोबरनंतर लिनक्सच ठेवायचं डोक्यात होतं.

फॉन्टची गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण मराठी टायपिंग करणाऱ्या कित्येकांचं काम इथंच अडतं. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर नव्या विंडोजवर फाइल उघडते, पण ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. ठशातल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो, तो उचलून घ्या. मी उचलला, नव्यावर टाकला, आणि पहिलं पान उघडल्यावर आत्याचं नाव देवनागरीत वर आलं. आता एकेक पान युनिकोडमध्ये बदलून घेते आहे, म्हणजे पुढं कुठल्याच फॉन्टवर अडायला नको.

फाउंड फोल्डर लपलेला असतो, लिनक्समधून सरळ दिसतो. आत सीएचके शेपटाच्या (शेपूट म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरं) ६१ फाइल होत्या, मूळ नाव नाही, प्रकार नाही. एकेकीचं शेपूट बदलून वाजवून पाहत गेले. एकोणिसावीत जातं घरघरलं. डेस्कटॉपवर न दिसलेल्या दोन ओव्या त्या ढिगात निघाल्या.

३० मेच्या रात्रीपर्यंत सगळ्या २१४ वाजवून पाहिल्या. एक १ मिनिट ४० सेकंदाला थांबते, दोन उघडतच नाहीत. एकूण खर्च ११,२०० रुपये, त्यात यूपीएसच्या नव्या बॅटरीचे ९५०. आता एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती कपाटात, मशीनला जोडून ठेवायची नाही. दुसरी लातूरला भाच्याकडं.

न उघडणाऱ्या दोनांपैकी एक धनेगावच्या काकूंची होती, मांजरा धरणाजवळ राहतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. झालेलं सांगितलं, तीच परत म्हणता का विचारलं. काकूंनी जात्याची खुंटी हलवून पाहिली, ती सैल होती, चिंधी गुंडाळून घट्ट केली आणि म्हणाल्या, “ती कुठली आठवायली बाई आता, ही घे दुसरी.” चार मिनिटं म्हटल्या. मधे कोंबडं ओरडलं आहे, ते तसंच ठेवलं. संध्याकाळी घरी आल्यावर आधी दोन ठिकाणी उतरवली, मग चहा केला.